हाडाचा नट-सॅडल, पितळी पिना आणि १८:१ च्या की : काही महिन्यांच्या वापरानंतर

ॲकॉस्टिक गिटारला हाडाचा नट (मानेच्या टोकाशी तारा पेलणारी पट्टी), हाडाचा सॅडल (गिटारच्या अंगावरच्या ब्रिजच्या खाचेत बसणारी, तारा पेलणारी पट्टी), पितळी ब्रिज पिना (तारांची टोकं ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या खुंट्या) आणि १८:१ च्या की (सूर लावायच्या खुंट्या; १८ वळशांत तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो) बसवून आता काही महिने झाले. आवाज सुधारला, बझही (तार मानेवरच्या फ्रेटच्या पट्टीला लागून होणारी करकर) गेली. पण सगळ्यात जास्त पैसे ज्यावर गेले, त्या कींचा आवाजातला वाटा सगळ्यात कमी. सॅडलचं बूड सपाट करायची तयारी नसेल तर हाडाच्या सॅडलवर पैसे घालू नका.

पाकिटावर ‘थेट बसणारा’ लिहिलेला सॅडल थेट बसत नाही. या दाव्याची मनापासून चीड येते, कारण लोक तो तसाच खाचेत ढकलतात आणि फरक पडला नाही की हाडाला नावं ठेवतात. खाच कधी ३ मिमी रुंद असते, कधी ३.२ मिमी. मोठ्या खाचेत ३ मिमीचा सॅडल घातला की तारांच्या ताणाने तो नटाकडे झुकतो. मग स्वर चढे लागतात, बूड एका कडेवरच टेकतं, आणि खाचेची पुढची भिंत चिरण्याची भीती वेगळीच. म्हणून आधी व्हर्नियरने खाच मोजा, थोडा जाड तुकडा घ्या आणि बाजूने घासत आणा. दोन बोटांनी ओढला तर निघाला पाहिजे. तारा नसताना गिटार उलटी केली तर पडता कामा नये.

बुडासाठी जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. नुसत्या हातात धरून घासलं की सॅडल डुलतो, टोकं जास्त झिजतात आणि बूड मध्ये फुगीर होतं. चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून, काटकोनात ठेवूनच घासा. बुडाला पेन्सिल फासा आणि चार-पाच हात मारा: टोकांची पेन्सिल गेली आणि मधली राहिली, तर मध्ये अजून पोकळी आहे. सगळीकडची एकदम जाईल तेव्हा थांबा. सॅडलखाली पिएझो पिकअप (कंपनं टिपून आवाज ॲम्पकडे पाठवणारी पट्टी) असेल तर हे आणखी महत्त्वाचं. बूड वाकडं असलं की एक-दोन तारा ॲम्पमध्ये दबतात आणि दोष मात्र पिकअपवर जातो. हाडाची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

उंचीचं गणित सोपं आहे. १२व्या फ्रेटवर तार जितकी खाली हवी, त्याच्या दुप्पट सॅडल घासायचा; ०.३ मिमीसाठी ०.६. पण त्याआधी ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई. सहावी (सगळ्यात जाड) तार पहिल्या आणि १४व्या फ्रेटवर दाबून धरा, ६व्या-७व्या फ्रेटपाशी साधारण ०.२ मिमी फट दिसली पाहिजे. फट कमी असेल तर रॉड पाव वळसाच सैल करा, तारा पुन्हा सुरात आणा, मग मोजा. हा क्रम उलटा केला तर घासलेला सॅडल वाया जातो. १२व्या फ्रेटवर सहावी तार २.४ आणि पहिली १.८ मिमी, एवढ्यावर जोरात स्ट्रम केलं तरी स्वच्छ वाजतंय.

बझ नेमकी कुठून येते ते कळल्याशिवाय पार्ट मागवू नका. फक्त मोकळी तार करकरत असेल तर नटाची खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर मानेला बाक कमी आहे. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. सगळीकडे असेल तर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली आहे. नटाची उंची तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरली पाहिजे. खाचेचा उतार कीच्या बाजूला हवा. तार खाचेच्या पुढच्या कडेवरून सुटली नाही, मधूनच सुटली, तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते. तयार खाचांच्या नटात हा दोष हमखास असतो, योग्य जाडीच्या कानशीने तो काढावा लागतो. नट चिकटवताना गोंदाचे दोन थेंब पुरतात. जास्त लावलात तर पुढच्या वेळी लाकडासकट निघेल.

पितळी पिनांबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला आवाज एकदम चकचकीत वाटला होता, पण पिना बदलताना तारा काढाव्याच लागतात आणि नव्या तारा बसतात. त्या जुन्या झाल्यावर चमक निम्मी उतरली. मग त्याच जुन्या तारांवर प्लास्टिकच्या पिना लावून पाहिल्या: फरक आहे, पण थोडा. पितळ जड असल्याने ब्रिजवर वजन वाढतं आणि खर्ज किंचित आखडतो. आता प्लास्टिकच आहेत. तारेचा गोळा पिनेच्या टोकावर न अडकता आतल्या ब्रिज प्लेटला घट्ट टेकला पाहिजे, तेवढं सांभाळलं की पुरे. बसवताना तार थोडी वर ओढून पिन दाबायची.

कींबद्दल मत वर गेलं. टोनसाठी घेऊ नका, पण सूर लावणं फारच सोपं झालं. घेण्याआधी डोक्यातल्या भोकाचा व्यास मोजा, ८ मिमी आणि १० मिमीचा घोळ नेहमी होतो. काही आठवड्यांनी कींचे समोरचे आवळायचे नट (हाडाचा नट नव्हे) सैल पडतात, आणि मग ठराविक स्वरालाच एक बारीक खरखर येते, जी फ्रेटची वाटते. वाजवताना एकेका कीच्या नटावर बोट ठेवून बघा. खरखर थांबली की ती सापडली. १० मिमीच्या पान्याने हलकेच आवळा, जोर लावलात तर लाकूड दबतं.

जुना सॅडल टाकू नका. कोरड्या हवेत गिटारची वरची लाकडी फळी खाली बसते, ॲक्शन उतरते आणि बझ परत येते. दमट हवेत ती फुगून ॲक्शन चढते. म्हणून अर्धा मिमी उंच असा दुसरा सॅडल घासून केसमध्ये ठेवलाय, त्यावर पेन्सिलने ‘कोरडी हवा’ लिहून.