वटवाघळांच्या इम्युनिटीवरचं वर्कशॉप: कसं होतं, कोणी जावं

आमच्या भंडारा जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात झूलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी मिळून वटवाघळांच्या प्रतिकारशक्तीवर दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवलं होतं, त्याचा रिव्ह्यू लिहून राहिली आहे कारण पुढची बॅच होणार म्हणतात आणि गावाकडचे लोक जावं का म्हणून विचारतात. फी 200 रुपये, त्यात सकाळी तर्री-पोहे, दुपारचं जेवण आणि सर्टिफिकेट. पैसे पूर्ण वसूल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गावात पांदणीवरच्या चिंचेवर मोठी वाघळं लटकून राहतात, कोरोनात लोकं ती चिंचच तोडायले निघाले होते आणि अजूनही कोणाले ताप आला की बोट तिकडेच जाते. म्हणून मला एवढंच समजून घ्यायचं होतं की इतके व्हायरस अंगात घेऊन हा प्राणी स्वतः आजारी काऊन पडत नाही.

उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. आपल्या अंगात व्हायरस शिरला की बरेचदा व्हायरसपेक्षा आपलीच सूज जास्त नुकसान करते, ठिणगी एवढीशी आणि पेटतं अख्खं धानाचं पुंजणं. वाघळाचं शरीर व्हायरसला आवरते पण भडका उडू देत नाही. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की हे उडण्यामुळे झालं असावं, उडताना शरीरावर इतका ताण येतो की पेशीतला डीएनए तुटून भलत्या जागी सांडतो, आणि दरवेळी त्याचा अलार्म वाजला असता तर वाघूळ स्वतःच्याच सुजेनं मेलं असतं. हा अलार्म म्हणजे स्टिंग नावाचं प्रोटीन, त्यातलं एका ठराविक जागचं सेरीन (प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडांचं बनते त्यातलं एक) वाघळांमध्ये बदललेलं आहे आणि त्यानं अलार्म मंद होतो, हे 2018 मध्ये दाखवलं गेलं. मग सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएसमध्ये लिनफा वांग यांच्या टीमनं 2019 ला सूज पेटवणारं एनएलआरपी3 नावाचं प्रोटीन वाघळात मंद असते हे दाखवलं, आणि 2023 ला वाघळाचं एएससी2 हे प्रोटीन उंदरांत टाकून पाहिलं तर फ्लूच्या व्हायरसनं होणारी सूज कमी झाली आणि उंदीरही कमी मेले. हे ऐकताना हॉलमध्ये कोणी मोबाइल पाहत नव्हतं.

सगळ्यात आवडलं ते हे, की शिकवणाऱ्या मॅडमनी "सगळी वाघळं असंच" असं कुठेच म्हटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळवाघळात इंटरफेरॉन-अल्फाचे (व्हायरस आला की बाकी पेशींना सावध करणारं प्रोटीन) जीन्स कमी, पण संसर्ग नसला तरी चालूच राहतात, हे 2016 चं काम, आणि इजिप्तच्या फळवाघळात उलट इंटरफेरॉनचे जीन्स वाढलेले निघाले. जगात 1400 च्या वर जाती आहेत, नीट तपासल्या त्या मोजक्याच.

प्रॅक्टिकल एलायझाचं होतं, म्हणजे ॲन्टीबॉडी चिकटते का पाहून एखादं प्रोटीन आहे का हे रंगावरून ओळखायची चाचणी. एकही वाघूळ पकडलं नाही, रक्तही नाही, शिकवायची साधी किट वापरली, हे मला बरोबर वाटलं. प्लेटच्या बारक्या खळग्यांत थेंब टाकत गेलो, धुतलं, शेवटच्या द्रावणानं काही खळगे निळे झाले आणि ॲसिडचा थेंब पडला की एकदम पिवळे. माझ्या एका खळग्यात रंग फिक्का आला तर सरांनी तिथेच थांबून दाखवलं की नीट धुतलं नाही की पिवळा किती खोटा येऊ शकतो. मग खरी अडचण सांगितली, बाजारात मिळणाऱ्या ॲन्टीबॉडी बहुतेक माणसाच्या नाहीतर उंदराच्या प्रोटीनसाठी बनवलेल्या, वाघळाच्या प्रोटीनला त्या चिकटतीलच असं नाही, म्हणून या कामाला वर्षं लागतात.

आता खटकलेलं. जेवणानंतरचं जीन्सचं सेशन फार पळवलं, स्लाइडी सगळ्या इंग्रजीत, मागे बसलेल्या आशाताई आणि शेतकरी भाऊंना काहीच कळलं नाही. मराठीत दोन पानांचं छापील द्यायलाच पाहिजे होतं. एका ताईनं उठून विचारलं, "मॅडम, मग आम्ही गावात काय सांगाचं?" तेव्हा कुठे कामाचं बोलणं झालं: वाघळाला हात लावू नका, त्यानं उष्टावलेलं फळ खाऊ नका, चावलं-ओरखडलं तर साबणपाण्यानं 15 मिनिटं धुऊन लगेच पीएचसीत जा, आणि झाड तोडू नका, मोहाचं बी तीच दूर नेऊन टाकतात. हे शेवटच्या दहा मिनिटांत नाही, पहिल्या तासाला यायला पाहिजे.

संध्याकाळी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर बॅट डिटेक्टर घेऊन गेलो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज त्यात टकटक वाजते, पाण्यावर किडे धरणारी छोटी वाघळं आली की टकटक दाट होत जाते. डोक्यावरून मोठी फळवाघळं गेली तेव्हा मशीन गप्पच, ती डोळ्यानं आणि वासानं चालतात. शाळेच्या पोरांना हे दाखवायला मिळालं तर काय पाहिजे.

पाचपैकी चार. बीएस्सीच्या पोरांनी आणि विज्ञान शिक्षकांनी बिनधास्त जावं, पुढे बसावं. आशाताईंनी नाव नोंदवताना मराठी बॅच पाहिजे म्हणून सांगावं, मी ऑफिसात तसा अर्ज देऊन आली आहे, जितके जास्त सांगतील तितकं लवकर होईल.