एमबीसीटी कोर्स: काही महिन्यांनंतर

नैराश्याचे तीन-चार फेरे भोगून झाले की बरं वाटत असतानाही धास्ती राहते, पुन्हा आलं तर? त्यापायीच एमबीसीटीचा, म्हणजे माइंडफुलनेसवर (आत्ता जे घडतंय त्याकडे बरं-वाईट न ठरवता लक्ष देण्यावर) आधारलेल्या थेरपीचा कोर्स केला.

आठ आठवडे, दर आठवड्याला दोनेक तासांचं गटसत्र, आणि घरी रोज पाऊण तास सराव. खरा कोर्स तो घरचाच. पहिल्या सत्रात एक मनुका हातात देऊन ती निरखत, सावकाश चावायला लावतात. मला हसू आवरेना. बॉडी स्कॅनमध्ये, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याच्या सरावात, एक तर झोप लागायची, नाही तर चिडचिड व्हायची. मन शांत होईल म्हणून जाणार असाल तर निराशाच पदरी येईल.

मिळतं ते वेगळंच. मूड जरा उतरला की माझं डोकं जुनं दळण दळायला बसतं: असं का होतंय, मीच असा का? सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बेतली ती नेमकी यावरच. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना किरकोळ उदासीही या विचारांत ओढून नेते. आता हे सुरू झालेलं मला लवकर कळतं. ‘मी नालायक आहे’ हा एक विचार आलाय, एवढं म्हणून थांबता येतं. नेहमी नाही, पण बऱ्याचदा. तीन मिनिटांचा श्वासाचा सराव त्यासाठीच, आणि बाकी काही सुटलं तरी तो टिकलाय.

शेवटच्या सत्रांत स्वतःची धोक्याची लक्षणं लिहून घेतात. माझी म्हणजे पहाटे जाग येणं, फोन न उचलणं, आंघोळीचा कंटाळा. यादी घरी दिली. (त्यांना ती आधीच पाठ होती!)

गोळ्यांचं काय, हे सगळेच विचारतात. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ४२४ जण होते. दोन वर्षांत कोर्स करून गोळ्या कमी किंवा बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना नैराश्य परतलं, गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना. म्हणजे सरस नाही, साधारण बरोबरीचं. माझ्या गोळ्या चालूच आहेत. डोस डॉक्टर ठरवतात.

ऐन नैराश्यात मात्र मी हा कोर्स सुरू केला नसता. तेव्हा डोळे मिटून विचारांसोबत बसणं मला झेपलं नसतं. आणि नाव नोंदवण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा, तुम्ही नैराश्याच्या रुग्णांसोबत काम केलंय का? नुसतं ध्यान शिकवणारे पुष्कळ आहेत.