जेक्सचा फेडिंग सिम्युलेटर: काही महिने वापरल्यावर

मोबाइलचा रिसीव्हर तपासायला रेले फेडिंग (अनेक वाटांनी आलेल्या लहरी मिसळून होणारा सिग्नलचा चढउतार) लागतंच, आणि ते बनवायचा सगळ्यात आटोपशीर मार्ग अजूनही बेल लॅब्जच्या विल्यम जेक्सचा, 1974 सालचा. आठ ऑसिलेटर, म्हणजे साइन लहरी, जोडीला कमाल डॉप्लरचा (वेगामुळे फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त सरकते तेवढ्याचा) एक, आणि सगळ्यांची बेरीज. पायथनमध्ये वीसेक ओळींत बसतो. गेले काही महिने मी तो जवळपास रोज चालवतेय. मत आधीच सांगते: एकाच टॅपच्या (टॅप म्हणजे ठरावीक उशिराने पोचणारी सिग्नलची एक प्रत) चॅनेलला झकास, दुसरा टॅप लागला की मूळ रूपात नको.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे सॅम्पल रेटची कटकट नाही. दुसरी पद्धत गॉसियन नॉइज डॉप्लर फिल्टरमधून काढायची. पण 900 मेगाहर्ट्झवर, ताशी 60 किमी वेगाला कमाल डॉप्लर असतो 50 हर्ट्झ. सॅम्पल रेट एक मेगाहर्ट्झ असेल तर एवढा अरुंद फिल्टर थेट बसवणं म्हणजे डोकेदुखी. आधी कमी रेटवर बनवा, मग इंटरपोलेट करा. जेक्समध्ये वेळ सूत्रात घातली की काम झालं.

नुसता आलेख बघून मात्र फसायला होतं, कारण कुठलीही वाकडीतिकडी रेघ फेडिंगसारखीच दिसते. मी खड्डे मोजते. सरासरी पॉवरच्या 20 डेसिबल खालची पातळी धरली तर 50 हर्ट्झला सिग्नल सेकंदाला साधारण 12 वेळा तिच्याखाली बुडायला हवा, दर वेळी सरासरी 0.8 मिलिसेकंद. जीएसएमचा (2जी मोबाइलचा) बर्स्ट, म्हणजे एका स्लॉटमध्ये जाणारा डेटाचा तुकडा, 0.577 मिलिसेकंदांचा, म्हणजे अख्खा बर्स्ट वाहून जाऊ शकतो, पण इंटरलीव्हिंग (बिट अनेक बर्स्टमध्ये विखुरणं) सावरून घेतं. आता वेग ताशी 3 किमी करा. डॉप्लर 2.5 हर्ट्झ, खड्डा सरासरी 16 मिलिसेकंदांचा, म्हणजे सलग तीन-चार फ्रेममधला (फ्रेम म्हणजे आठ स्लॉटांचा गट) आपला स्लॉट गेला! गाडीतल्यापेक्षा रमतगमत चालणारा ग्राहक रिसीव्हरला जास्त छळतो, तो असा. फ्रिक्वेन्सी हॉपिंगची, म्हणजे सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याची, किंमत इथे कळते.

संथ वेगाला रनही लांब लागतो. 2.5 हर्ट्झला असा खड्डा सरासरी दीड-पावणेदोन सेकंदांनी एकदा येतो. एका सेकंदाच्या रनमध्ये एकही आला नाही तर बिट एरर रेट (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) इतका देखणा येतो की गाइडसुद्धा खूश होतात. शंभरेक खड्डे हवेत तर 160 सेकंदांचा चॅनेल बनवा, रात्रभर मशीन चालू ठेवा.

आता तक्रार. मूळ मॉडेलमध्ये यदृच्छ असं काही नाही. कितीही वेळा चालवा, तीच लाट. पॉप आणि ब्यूल्यू यांनी 2001 मध्ये दाखवलं की त्यातून मिळणारा सिग्नल स्टेशनरी नसतो, म्हणजे त्याचे सांख्यिकी गुणधर्म वेळेनुसार बदलतात. प्रत्येक ऑसिलेटरला यदृच्छ फेज दिला की तो दोष जातो. टॅपचं दुखणं वेगळं. जेक्सच्याच युक्तीने काढलेल्या दोन लाटांत काही जोड्यांचं कोरिलेशन (एकमेकांशी साम्य) बरंच राहतं. त्यावर डेंट, बॉटमली आणि क्रॉफ्ट यांनी 1993 मध्ये वॉल्श-हॅडामार्ड कोडचा (एकमेकांशी कोरिलेशन नसलेल्या +1/-1 च्या ओळींचा) तोडगा सुचवला. एलटीईच्या (4जी) ईव्हीए प्रोफाइलला, म्हणजे वाहनांसाठीच्या प्रमाणित चॅनेलला, नऊ टॅप लागतात, तिथे मी या मॉडेलचं झेंग-शाओ यांनी सुधारलेलं 2003 चं रूप घेते. ऑटोकोरिलेशन (लाटेचं काही वेळाने, म्हणजे लॅगने, स्वतःशीच असलेलं साम्य) सिद्धांतातल्या बेसेल वक्राशी ताडताना अनेक रनची सरासरी घ्या. एकट्या रनमध्ये लांबच्या लॅगला ते भरकटतं.

रायसियन हवं असेल तर थेट येणाऱ्या लहरीचा घटक मिळवला की पुरतं. इमारतीआडची सावली मात्र यात नाहीच, तिच्यासाठी लॉगनॉर्मल गुणक वेगळा लावावा लागतो.