हर्मन कासव फ्लॅटमध्ये ठेवून एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फ्लॅटमध्ये कासव पाळायचंय म्हणणाऱ्यांना पहिलंच सांगते, स्टार कासव घेऊ नका, कुणी वास्तूसाठी शुभ म्हणून फुकट दिलं तरी नको. ते आपल्याकडचं जंगली कासव आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे आणि चोरटा व्यापार एवढा की २०१९ मध्ये त्याला साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात टाकावं लागलं. दुसरं नको ते सुलकाटा, हे आफ्रिकेतलं कासव. तळहातावर मावणारं पिल्लू बघून जीव जडतो अगदी, पण ते जगातलं तिसऱ्या नंबरचं मोठं कासव, वजन पन्नास किलोच्या आसपास जातं, मुंबईच्या वन बीएचकेत त्याला फिरवणार कुठे?

आम्ही मुलुंडला राहतो, घेतलं हर्मन. दक्षिण युरोपातलं, पूर्ण वाढ झाली तरी साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर. जन्म इथलाच, बिल आणि ब्रीडरचे कागद हातात आल्यावरच पैसे दिले. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, कागद नसतील तर दुकानातून तसंच परत यायचं.

काचेची टाकी घेतली नाही, चार बाय तीन फुटाचा प्लायचा उघडा खोका सुताराकडून करून घेतला, आत माती आणि कोकोपीट. खरी परीक्षा जुलैमध्ये. हवेत ओल ऐंशी टक्क्यांच्या वर, ऊन नाही, कपडे वाळत नाहीत तिथे कासवाची माती काय वाळणार. ओल आणि गारवा एकत्र आला की यांना श्वसनाचा त्रास होतो, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडं ठेवून श्वास घेतात, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. म्हणून एका कोपऱ्यात दिव्याखाली ३२ ते ३५ डिग्री कायम ठेवले, दुसरा कोपरा थंड, वरची माती रोज उकरून हलवायची आणि पंखा खोक्यावर थेट न मारता खोलीत हवा फिरती ठेवायची. पावसाळाभर नाक कोरडं राहिलं, याचं मला खरंच समाधान आहे.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या ट्यूबवर काटकसर करू नका. खिडकीच्या काचेतून ऊन येतं पण यूव्हीबी येत नाही, आणि ते नसेल तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. ट्यूब पेटत राहते पण वर्षभरात तिच्यातलं यूव्हीबी उतरतं, त्यामुळे लावल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

खाण्याचा खर्च जवळपास नाहीच. जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं, फड्या निवडुंग काटे काढून. पालक रोज नको, फळं तर हर्मनला देऊच नका, आणि पाहुणे प्रेमाने केळं पुढे करतात तेव्हा स्पष्ट नाही म्हणा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाच्या अंगातलं पांढरं हाड) काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तो तसाच आत ठेवायचा, ते स्वतः कुरतडतं. हात लावला की साबणाने धुवायचे, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, घरात लहान मूल असेल तर हे पाळायलाच हवं.

मांडीवर बसणारा प्राणी हवा असेल तर हे तुमच्यासाठी नाही. आणि पन्नास वर्षं जगू शकतं, तेव्हा आपल्यानंतर कोण बघणार हे घरात आधीच ठरवा, आमच्याकडे भाचीने हो म्हटलंय. मुलुंड-ठाणे बाजूला कुणाला फड्या निवडुंगाचं पान लावायला हवं असेल तर सांगा, गॅलरीत भरपूर वाढलाय.