भारनियमनासाठी नागपूरच्या घरात काय बसवावे: ट्युब्युलर बॅटरी, लिथियम, सौरसंच की जनरेटर?

वादळाने तार तुटून जाणारी वीज आणि टंचाईच्या काळात पाळीपाळीने बंद केली जाणारी वीज या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पर्यायी विजेची सोय निवडताना मात्र बहुतेक जण पहिलीचा हिशेब दुसरीला लावतात. वादळानंतर वीज एकदा जाते आणि आली की टिकते, त्यामुळे तेथे बॅटरी किती तास चालते एवढेच पाहिले तरी भागते. भारनियमनात वीज सकाळी जाते, दुपारी येते आणि संध्याकाळी पुन्हा जाते. अशा वेळी दोन पाळ्यांच्या मधल्या तासांत बॅटरी कितपत भरून निघते, हा प्रश्न बॅटरी किती तास चालते यापेक्षा मोठा ठरतो. पुढील तुलना मी मुख्यतः याच कसोटीवर केली आहे. दुसरी कसोटी नागपूरच्या उन्हाची आहे, कारण बाहेरगावच्या माहितीपत्रकांत तिचा विचार क्वचितच केलेला असतो.

भारनियमनाची वेळ पुन्हा येणारच नाही, असे समजून चालणे योग्य नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांतील कोळशाचे साठे धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा लवकर आणि कडक सुरू झाला, आयात कोळसा महागला, मालगाड्यांचे रेक अपुरे पडले आणि कोळशाला वाट करून देण्यासाठी रेल्वेला प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. २९ एप्रिल २०२२ रोजी देशाची विजेची कमाल मागणी २ लाख ७ हजार मेगावॅटच्या पुढे गेली आणि ३० मे २०२४ रोजी ती २ लाख ५० हजार मेगावॅटवर पोहोचली. कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रे नागपूरच्या वेशीवर आहेत आणि वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालयही याच शहरात आहे. तरीही त्यामुळे येथील घराला कोणतेही संरक्षण मिळत नाही. तयार झालेली वीज राज्याच्या वीजजाळ्यात (ग्रिडमध्ये) जाते, आणि मागणी व पुरवठा यांचा मेळ बसेना की ऐरोलीचे राज्य भारप्रेषण केंद्र व त्याचे अंबाझरी येथील क्षेत्रीय केंद्र यांना भार कमी करावाच लागतो. तसे केले नाही, तर ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागणारी वारंवारता घसरून संपूर्ण जाळे कोसळण्याचा धोका असतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताने तशी पडझड अनुभवली आहे. महाराष्ट्रात कोणता फीडर (वस्तीला वीज पुरवणारी वाहिनी) आधी बंद करायचा, हे त्या फीडरवरील वितरण आणि वसुलीतील हानीच्या गटावरून ठरते. त्यामुळे वेळेवर बिल भरणारे कुटुंबही जास्त हानीच्या फीडरवर असेल तर अधिक तास अंधारात राहते. आपले घर कोणत्या फीडरवर आणि कोणत्या गटात आहे, याची चौकशी खरेदीपूर्वी महावितरणच्या शाखा कार्यालयात अवश्य करावी.

आता घराचा भार पाहू. नागपुरात मेच्या रात्री दिवे आणि पंखे चालले म्हणजे गरज भागली असे होत नाही. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंशांचे तापमान पाहिले आहे. भिंती आणि स्लॅब दिवसभर तापल्यावर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात आणि नुसता पंखा तीच गरम हवा फिरवतो. घरात तान्हे मूल, वृद्ध किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर कूलर ही चैन राहत नाही. येथील कोरडी हवा या बाबतीत आपल्या बाजूची आहे. दीड टनाच्या एसीला सुमारे १,५०० वॅट लागतात, तर एका खोलीचा कूलर, त्यातील पाण्याच्या पंपासह, साधारण २०० वॅटमध्ये चांगला गारवा देतो. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात मात्र कूलरचा उपयोग होत नाही, तेव्हा पंख्यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून कोणताही संच घेण्याआधी जुने ७५ वॅटचे पंखे बदलून सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवावेत, असा माझा आग्रह आहे. दोन पंख्यांतच ९० वॅट वाचतात आणि तेवढी वाचलेली वीज बॅटरीचा एक मोठा हप्ता वाचवते.

एक कूलर, दोन बीएलडीसी पंखे, चार एलईडी दिवे आणि इंटरनेटचा राउटर मिळून सुमारे ३१० वॅट होतात. याच भारावर पर्याय तपासू.

सर्वांत प्रचलित पर्याय म्हणजे साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, बॅटरी. कागदावर तिची साठवण १,८०० वॅट-तास होते, पण हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केल्यास लागू पडतो. ३१० वॅटचा भार लावला आणि इन्व्हर्टरमधील घट धरली, तर हाती सुमारे १,२०० वॅट-तास येतात, म्हणजे पूर्ण भरलेली नवी बॅटरी चारेक तास साथ देते. अडचण पुढे सुरू होते. ही बॅटरी साधारण १५ अँपिअरने भरली जाते आणि रिकामी झाल्यावर पूर्ण भरायला तिला दहा ते बारा तास लागतात. समजा, सकाळी तीन तास वीज गेली, नंतर तीन तास आली आणि पुन्हा तीन तास गेली. मधल्या तीन तासांत बॅटरीचा जेमतेम पंचवीस ते तीस टक्के भाग भरून निघतो आणि दुसऱ्या पाळीत ती दोन-सव्वादोन तासांत बसते. त्याहून गंभीर नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत सतत राहिल्याने शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि बॅटरीची धारणक्षमता कायमची घटते. भर म्हणून उष्णता आहेच. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातील ढोबळ नियम आहे, आणि आपल्याकडे बॅटरी बहुधा जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली असते. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला पाहावी लागते. या पर्यायाच्या बाजूने सांगायचे तर पहिला खर्च सर्वांत कमी, दुरुस्ती करणारा कारागीर प्रत्येक वस्तीत मिळतो आणि जुनी बॅटरी परत देताना मोडीची किंमत वजा होते. दिवसातून एकदाच आणि दोन-तीन तासच वीज जात असेल, तर ट्युब्युलर बॅटरी घेण्यात काहीही गैर नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची तुलना येथेच करायला हवी, कारण दुकानात दोन्ही शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि अँपिअर-तासांचा आकडा लहान दिसल्यामुळे लिथियम महागडी वाटते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२८० वॅट-तास मावतात, पण त्यातील बहुतांश भाग बॅटरीला इजा न होता वापरता येतो. आपल्या ३१० वॅटच्या भारावर ती सुमारे सव्वातीन तास चालते. पहिल्या पाळीपुरते ट्युब्युलरपेक्षा थोडे कमीच म्हणावे लागेल. दुसऱ्या पाळीत मात्र चित्र पालटते. ४० ते ५० अँपिअरचा चार्जर जोडलेला असेल तर ती तीन तासांच्या आसपास पुन्हा भरते आणि संध्याकाळची पाळी सकाळइतकीच निभावून नेते. अर्धवट भरलेली राहिल्याने तिचे नुकसान होत नाही, पाणी घालावे लागत नाही, आणि भरण्या-रिकामी होण्याची आवर्तने दोन हजारांहून अधिक मिळतात. किंमत ट्युब्युलरच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही अधिक पडू शकते आणि जुनी बॅटरी मोडीत देताना शिशासारखा भाव मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. उष्णतेपासून हिची पूर्ण सुटका नाही. ठरावीक तापमानापुढे आतील संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवते, म्हणून ती घरातील सर्वांत थंड खोलीतच ठेवावी. हेच सर्किट पाण्याचा पंप सुरू होताना येणारा विजेचा झटका सहन न होऊन संपूर्ण पुरवठाही तोडू शकते, त्यामुळे टुल्लू पंप या वायरिंगवर घेऊ नये. शिवाय जुन्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी नुसती जोडून चालत नाही. इन्व्हर्टरमध्ये तिच्यासाठीची चार्जिंगची सोय असावी लागते, आणि ती नसेल तर संच एकत्रच घेणे श्रेयस्कर.

छतावरील सौरसंचाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि त्यामुळे लोकांची मोठी रक्कम चुकीच्या अपेक्षेत अडकते, म्हणून हे ठासून सांगतो. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला साधा सौरसंच वीज गेल्यावर बंद पडतो. भर दुपारी, पॅनेलवर कडक ऊन पडत असतानाही तो बंद पडतो. हा त्याचा दोष नाही, मुद्दाम केलेली सुरक्षेची रचना आहे. घरातली वीज उलटी तारांवर गेली, तर खांबावर काम करणाऱ्या जनमित्राचा जीव जाऊ शकतो. भारनियमनात वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि जाळे तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागतेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते पॅनेलच्या क्षमतेवर ठरते, बॅटरीचा भार आपल्यालाच उचलावा लागतो. तीन किलोवॅटचा संच नागपुरात दिवसाला सरासरी बाराएक युनिट देतो. मेमध्ये पॅनेल इतके तापतात की लखलखीत उन्हातही उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी भरते. सूर्य मावळल्यावर देशभरातील सौर वीज थांबते आणि टंचाई बहुधा संध्याकाळी व रात्रीच तीव्र होते, म्हणजे बॅटरीची गरज नेमकी तेव्हाच पडते. मात्र हायब्रिड संचाला एक गुण असा आहे, जो इतर कोणत्याही पर्यायाला नाही. दिवसा वीज नसली तरी त्याची बॅटरी भरत राहते आणि वर्षातील उरलेले महिने, टंचाई नसतानाही, तो बिल कमी करतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जनरेटरविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याला भरण्याचा वेळ लागत नाही, पंप आणि फ्रिज तो सहज ओढतो, परंतु इंधनाचा हिशेब केला तर एक युनिट साधारण ५० रुपयांच्या घरात जाते, आणि महाल किंवा इतवारीच्या दाटीच्या गल्ल्यांत रात्री तो चालवणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे. त्याचा धूर प्राणघातक असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून जनरेटर बंद खोलीत, जिन्यात किंवा जाळी लावलेल्या गॅलरीत कधीही चालवू नये. घराच्या सॉकेटमध्ये उलटी वायर घालून जोडणी करण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी जाळे किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवूनच तो वापरावा. दवाखाने, दुकाने आणि मोठ्या गृहसंस्थांची लिफ्ट व पाण्याचे पंप यांच्यासाठी जनरेटर योग्य आहे. एका कुटुंबासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. शहराचे पाणी पेंच आणि कन्हान येथून पंपांच्या जोरावर येते, आणि घरात ते टाकीपर्यंत चढवायला पुन्हा वीज लागते. मोठी बॅटरी घेऊन पंप चालवण्यापेक्षा वरची टाकी मोठी करणे स्वस्त आणि खात्रीचे आहे, विशेषतः कूलर दिवसाला अनेक बादल्या पाणी पितो तेव्हा.

हे सर्व लक्षात घेता, मनीषनगर किंवा बेसा भागातील फ्लॅटमध्ये, जेथे गच्ची सामाईक असते, मी लिथियमचा लहान संच निवडीन. भाड्याने राहणाऱ्यांनाही तोच सोयीचा, कारण घर बदलताना तो हलका पडतो. स्वतःची गच्ची असलेल्या आणि किमान दहा वर्षे तेथेच राहणार असलेल्या कुटुंबाने हायब्रिड सौरसंचाकडे जावे, आणि पैसे एकदम उभे राहत नसतील तर आधी हायब्रिड इन्व्हर्टर व लिथियम बॅटरी घेऊन पॅनेल पुढच्या वर्षी बसवावेत. उलट क्रमाने गेल्यास पहिला उन्हाळा अंधारातच जाईल. हात आखडता असेल तर ट्युब्युलर बॅटरी घ्यावी, पण भारनियमनाच्या दिवसांत कूलर एकाच पाळीत चालवावा आणि दुसरी पाळी पंख्यांवर काढावी, म्हणजे बॅटरी तळाला जाणार नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर मात्र काटकसर करू नये. हे यंत्र सुमारे ३५० वॅट सलग खाते, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी बॅटरी हवी आणि तिच्या जोडीला भरलेला सिलिंडरही हवा. इन्सुलिनसाठी फ्रिज बॅटरीवर घेण्याची सहसा गरज पडत नाही, कारण दार न उघडल्यास फ्रिज चारेक तास गारवा टिकवतो.

बसवताना दोन गोष्टींवर तडजोड करू नये. पहिली म्हणजे इन्व्हर्टरचे वायरिंग वेगळे असावे, म्हणजे चुकून गिझर किंवा इस्त्री त्यावर येणार नाही. दुसरी म्हणजे वीज परतल्यावर पहिली दहा मिनिटे एसी आणि पंप बंद ठेवण्याची सवय घरात सर्वांना लावावी. त्या क्षणी वस्तीतील सगळे कूलर आणि सगळ्या बॅटऱ्या एकदम भार घेतात, व्होल्टेज पडते आणि डीपी (वस्तीचे वीज वितरण रोहित्र) ट्रिप होऊन हातची वीज पुन्हा जाते. दुकानात गेल्यावर किती तास बॅकअप मिळेल, हे विचारण्याआधी चार्जर किती अँपिअरचा आहे, हे विचारावे आणि तो आकडा बिलावर लिहून घ्यावा.