बोर्डाची एकच जागा: निवृत्त बाई की हिशेबी पालक?

गेल्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनच्या बॅलटवर (मतपत्रिकेवर) स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांवर देखरेख करणाऱ्या निवडून दिलेल्या मंडळाच्या, नेहमीच्या तीन जागांखाली आणखी एक जागा होती. कुणीतरी मध्येच राजीनामा दिला होता, त्याची उरलेली एका वर्षाची मुदत. वरच्या तीन जागांना तीन मतं देता येतात, म्हणजे आवडलेल्या दोघांनाही बसवून मोकळं होता येतं. इथे मात्र एकालाच. यंदा दोन-तीन मित्रांच्या टाउनमध्ये तशीच जागा आणि तशीच जोडी उभी आहे, म्हणून मत कुणाला द्यावं अशी सारखी विचारणा होतेय. बोर्डाच्या मेंबरांना पगार नसतो, पक्ष नसतो, हे न्यू जर्सीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

आमच्याकडे एक होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये (एका बोर्डाखालच्या शाळांच्या गटात) तिसाहून जास्त वर्षं काढलेल्या. मराठी नव्हेत, पण आमच्या घरात त्यांचं नाव पहिल्या दिवशीच ‘बाई’ पडलं, कारण विचारणाऱ्याचा प्रश्न आधी दुरुस्त करायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही सवय त्यांची सुटलेली नाही. दुसरे एक पालक, दोन मुलं शाळेत, नोकरी फायनान्समधली. हे ‘एक्सेलवाले’. बॅलटवर नावासोबत तीन शब्दांचं घोषवाक्य छापता येतं. एक्सेलवाल्यांनी त्यातला एक शब्द टॅक्सवर खर्च केला होता. बाईंनी जागा रिकामीच सोडली होती.

पैशाच्या बाबतीत एक्सेलवाले उजवे, यात वाद नाही. आपल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो. पूर्वी एप्रिलमध्ये लोकांना शाळांच्या बजेटवर ‘नाही’ म्हणता यायचं. 2012 च्या कायद्यानंतर ज्या डिस्ट्रिक्टांनी निवडणूक नोव्हेंबरात नेली, तिथे करवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत असली की बजेट मतदानाला येतच नाही. आता आपलं ‘हो-नाही’ म्हणजे बोर्डावर बसवलेला माणूस. शाळेतल्या नोकरदारांच्या आरोग्यविम्याचा हप्ता त्या 2 टक्क्यांच्या कितीतरी पुढे पळतो, मग कात्री कुठे लागते, हे एक्सेलवाल्यांनी असं उलगडून सांगितलं की मलाही आपलं बिल काढून बघावंसं वाटलं. बाई आकड्यांवर आल्या की ‘सगळं बघावं लागेल’ म्हणत. शिक्षकांचा विषय निघाला की त्यांचा आवाज मऊ व्हायचा, हेही खटकलं. आयुष्य शाळेत गेलेला माणूस शाळेकडूनच बोलणार.

उमेदवार शिक्षकी पेशातला असेल तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या: नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांपैकी कुणी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला आहे का? असेल तर शिक्षक संघटनेशी कराराच्या वाटाघाटी चालू असताना त्या मेंबरला बाहेर बसावं लागतं. शिक्षकांच्या घरात आणखी शिक्षक निघतातच. आमच्या बाईंना ती अडचण नव्हती.

मुदत एकाच वर्षाची आहे, याचा अर्थ मात्र माझ्या नंतर लक्षात आला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथ, मार्चमध्ये बजेटचा मसुदा समोर, वसंतात त्याची सुनावणी. मध्येच सक्तीचं प्रशिक्षण. नव्या माणसाला फाइल कुठली नि पॉलिसी कुठली हे उमगेपर्यंत पुढच्या निवडणुकीच्या पाट्या लागलेल्या असतात. सुपरिंटेंडंटचं, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळा चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचं, मूल्यमापन हे बोर्डाचं खरं काम. ज्यांनी पंधरा-वीस वर्षं स्वतः शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले, त्यांना गुळगुळीत अहवाल वाचून फसवणं जरा अवघड जातं, असा माझा आपला अंदाज.

पण माझं मत फिरलं ते बसवरून.

आमचं घर मिडल स्कूलपासून 1.8 मैलांवर. आठवीपर्यंतच्या मुलांना 2 मैलांपलीकडे असेल तरच बस देणं कायद्याने बंधनकारक. त्याच्या आत बस मिळाली तर ती ‘करटसी’, म्हणजे मेहरबानी, आणि करटसी बजेटमध्ये सगळ्यात आधी जाते. आमची गेली. लेक चौपदरी रस्ता ओलांडून चालत जायला लागली. टाउनच्या लायब्ररीत उमेदवारांची भेट होती, तिथे मी दोघांना हाच प्रश्न टाकला.

एक्सेलवाल्यांनी लगेच फोन काढला. ‘तुमचा नंबर द्या, मला मेसेज करा, मी बघतो.’ काय बरं वाटलं म्हणून सांगू! ड्रेनेजचं झाकण बसवायलाही नगरसेवकाला फोन लावणाऱ्या गावातून मी आलोय. आपला माणूस म्हणजे असाच. बाईंनी उलट मलाच तीन प्रश्न केले. कुठला चौक? डिस्ट्रिक्टच्या धोकादायक रस्त्यांच्या पॉलिसीत तो आहे का, वाचलंत? आणि मुलांना रस्ता ओलांडून देणारा क्रॉसिंग गार्ड शाळा नेमत नाही, टाउन नेमतं, तर टाउनला लिहिलंत का? शेवटच्या दोन्हींची उत्तरं ‘नाही’. वर त्या म्हणाल्या, ‘बस परत आणीन असं मी एकटी सांगू शकत नाही.’ गृहपाठ न करता वर्गात उभं राहिल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत माझी चिडचिड चालली होती.

मग दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. लेकीला गणिताच्या वरच्या वर्गात घालायचं होतं. एका बोर्ड मेंबरच्या कानावर घातलं, तर तेही असंच ‘मी बघतो’ म्हणाले. भला माणूस, खोटं बोलत नव्हता. दोन महिने मी वाट बघितली, तेवढ्यात बदलाची तारीख उलटली आणि शाळेला डावलून थेट वर गेलो म्हणून शाळेत माझ्याशी बोलणंही आखडलं. नंतर कळलं की एकट्या मेंबरच्या हातात काहीच नसतं. अधिकार बोर्डाला, तोही सभेत, मतदानाने. मेंबरांच्या आचारसंहितेतच लिहिलंय की शाळा चालवणं हे त्यांचं काम नाही, ती नीट चालतेय ना हे बघणं आहे. म्हणजे ‘मी बघतो’ म्हणणाऱ्याला एक तर हे ठाऊक नसतं, नाहीतर तो आपल्याला गोड लागेल ते बोलतो. मला दोन्हींचा त्रास होऊन झालेला.

एक्सेलवाल्यांवर अन्याय करायचा नाही. तीन वर्षांची जागा असती तर कदाचित त्यांनाच दिलं असतं. तेवढ्यात माणूस शिकतो. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पैशाचाच गोंधळ असेल, बोर्डावर आधीच चार निवृत्त शिक्षक बसलेले असतील, तर माझं ऐकू नका. बाईही काही गोड माणूस नाहीत. सभेत सगळ्यात लांब त्याच बोलतात, आणि लोकांना बोलायला दिलेल्या वेळेत कुणी फार भरकटलं की चष्म्यावरून बघतात. मी त्या चष्म्याला मत दिलं. पण उमेदवारांना भेटायला जाल तेव्हा बजेट-बिजेट राहू दे, घरातली एखादी खरी तक्रार घेऊन जा आणि कोण काय म्हणतं ते ऐका.

बाई निवडून आल्या. बस काही परत आली नाही. टाउनला मात्र मी चौकाच्या फोटोसकट पत्र लिहिलं, चार शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि मार्चपासून सकाळी तिथे पिवळं जाकीट घातलेल्या एक आजी थांबायची पाटी घेऊन उभ्या असतात. बायकोने मत एक्सेलवाल्यांना दिलं होतं. तिचं म्हणणं, ते निदान मेसेजला उत्तर तरी देतात. बाईंना ईमेल केलं की दोन दिवसांनी येतं, आणि त्यात आपली स्पेलिंगची चूक दाखवलेली असते.