बंदिस्त पैदास की नदीकाठची अंडी? मगरीच्या कातड्याविषयी एक तुलनात्मक आढावा

मी हाताने चामडे शिवतो. मुख्यतः घड्याळाचे पट्टे आणि पाकिटे, क्वचित एखादी लहान पिशवी. जिथे मगरीच्या कातड्याचा व्यापार परवान्याने चालतो, तिथे हे काम करणाऱ्याला आज ना उद्या एक निवड करावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या हौदातच जन्मलेल्या मगरीचे कातडे घ्यायचे, की जंगलातील घरट्यांतून अंडी आणून, ती उबवून वाढवलेल्या मगरीचे? पहिल्या पद्धतीला येथे बंदिस्त पैदास म्हणतो, दुसरीला व्यापारातील लोक रँचिंग म्हणतात. मगरपालनाची तोंडओळख वाचकाला असेल असे धरून चालतो. कातडी न वापरताही यांपैकी कोणती पद्धत संवर्धनाला खरोखर हातभार लावते, हे ज्याला देणगीसाठी किंवा केवळ स्वतःचे मत बनवण्यासाठी ठरवायचे आहे, त्यालाही हा हिशेब बहुधा उपयोगी पडेल.

माझे आधीचे मत सांगून टाकतो, कारण ते बहुतेकांचे असते. बंदिस्त पैदास स्वच्छ आणि जंगलातील अंडी उचलणे म्हणजे निसर्गावर हात मारणे, असे मी जवळजवळ चार वर्षे मानत होतो. कातड्यासोबत येणाऱ्या पत्रकावर ‘एकाही वन्य प्राण्याला धक्का न लावता’ असे छापलेले असे आणि ते वाचून मी निश्चिंत होत असे.

प्राण्याच्या हालअपेष्टांचा मुद्दा आधी उरकून घेतो, कारण नैतिक प्रश्न म्हणून तो सर्वांत मोठा असला तरी या दोहोंमध्ये निवड करायला तो मदत करत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर दोन्हीकडचे आयुष्य सारखेच असते. पोटाच्या कातड्यावर ओरखडा नको म्हणून शेवटच्या टप्प्यात एकेका मगरीला वेगळ्या अरुंद कप्प्यात ठेवतात आणि जो प्राणी सहज साठ-सत्तर वर्षे जगू शकतो, त्याला साधारण दोन ते चार वर्षांत मारतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू प्राणवायूवाचूनही बराच वेळ तग धरतो. त्यामुळे नुसते डोके तोडल्याने मगर लगेच मरत नाही, मेंदू तत्काळ नष्ट करावा लागतो. हे नीट पाळणारी आणि न पाळणारी केंद्रे दोन्ही पद्धतींत असतात. पिल्लांची अंड्यातील हाक ऐकून घरटे उकरणारी आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेणारी ही आई पाहिल्यावर ज्याला यातले काहीच नको वाटते, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. काहीही विकत न घेणे हा तिसरा पर्याय आहेच, आणि त्याच्याकडे पुढे येतो.

माझी निवड ठरली ती एका, दिसायला क्षुल्लक, त्रासातून. ज्या बंदिस्त केंद्राचे कातडे मी वापरत होतो, ते पाहायला गेलो असता तेथील व्यवस्थापकाला मी सहज विचारले की, या मगरी मूळच्या कोणत्या नदीच्या? त्याने शेजारच्याकडे पाहिले, शेजारच्याने कार्यालयाकडे बोट दाखवले, आणि कार्यालयात मला पैदाशीच्या नराचा क्रमांक, खाद्याचे प्रमाण, कातड्याची सेंटीमीटरमधील रुंदी, सगळे मिळाले. नदी मिळाली नाही. नर दुसऱ्या केंद्रातून आले होते, त्या केंद्रात आणखी कुठून तरी. शिवाय त्यांतले काही संकरित होते, कारण संकरित मगर लवकर वाढते. हे सांगताना त्याच्या स्वरात अभिमानच होता: बाहेरून आम्ही काहीही आणत नाही. भिंतीवर मात्र मोठ्या अक्षरांत ‘संवर्धन’ असे लिहिलेले होते. ते कशाचे, हे मला त्या दिवसापासून कळेनासे झाले.

पुढे वर्षभराने एका रँचिंग केंद्रात उबवणीच्या खोलीबाहेर उभा होतो. ओल्या, कुजलेल्या गवताचा दर्प येणारे खोके नुकतेच उतरवले होते. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण होती, कारण भ्रूण एकदा कवचाच्या आतल्या बाजूला चिकटला की अंडे उलटले तर मरतो. म्हणून घरट्यात जी बाजू वर, तीच खोक्यातही वर ठेवावी लागते. खोक्यावर चिठ्ठी होती: घरट्याचा क्रमांक, तारीख, खाडीचे नाव, ज्याच्या जमिनीवर घरटे सापडले त्याचे नाव, आणि अंड्यांची संख्या, जिच्यावरून त्या माणसाचे पैसे निघणार होते. मी न विचारताच नदी कागदावर होती.

एवढ्याशा चिठ्ठीला इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे सगळा प्रश्न त्या चिठ्ठीत आहे. बंदिस्त केंद्राला नदीची गरज उरत नाही. उद्या ती आटली, तिच्या काठी भातशेती झाली किंवा वर धरण आले, तरी हौदातील उत्पादन एका कातड्यानेही घटत नाही. रँचिंग केंद्राचे तसे नसते. दलदल गेली की घरटी गेली, घरटी गेली की धंदा गेला. दलदल टिकावी असे वाटणारा एक स्वार्थी माणूस तिथे तयार होतो, आणि जंगलाच्या बाबतीत अशा स्वार्थी माणसावर मी पत्रकांपेक्षा अधिक विश्वास ठेवतो.

याची दोन टोके पाहण्यासारखी आहेत. सयामी मगर थायलंडच्या केंद्रांमध्ये लाखोंनी आहे. जंगलात मात्र 1992 च्या सुमारास ती जवळजवळ संपल्याचे मानले जात होते, आणि 2000 मध्ये कंबोडियाच्या कार्डमम पर्वतरांगांत थोड्या मगरी पुन्हा आढळल्या. आजही जगभरच्या नद्या मिळून प्रौढ मगरींचा आकडा हजाराच्या आत-बाहेर मानला जातो. त्यातही सुरुवातीला पैदाशीचे प्राणी जंगलातूनच धरून आणले गेले होते, म्हणजे केंद्रे भरत गेली आणि नद्या रिकाम्या होत गेल्या. चिनी ॲलिगेटरचेही काहीसे असेच झाले. आनह्वे प्रांतात 1979 मध्ये पैदास केंद्र स्थापन झाले, तेथील संख्या हजारांवर गेली, आणि तरीही शतकाच्या अखेरीस भातखाचरांच्या कडेच्या तळ्यांत जेमतेम दीडशेच्या आतच प्राणी उरले होते. राहायला जागाच नसेल तर हौदातील हजारांचा उपयोग काय?

दुसरे टोक ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीचे. तेथे 1971 मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा खाऱ्या पाण्यातील मगरी सुमारे 3,000 उरल्या होत्या. आज त्या एक लाखाच्या आसपास आहेत. मुख्य श्रेय शिकारबंदीचेच, हे मान्य करायला हवे. परंतु माणसे खाणाऱ्या प्राण्याची संख्या इतकी वाढू देणे स्थानिकांनी सोसले, त्यात 1980 च्या दशकापासून दर अंड्यामागे जमीनमालकांना, ज्यांत आदिवासी समूह बरेच आहेत, मिळू लागलेल्या पैशाचा वाटा असावा असे मला वाटते. शिवाय तिथली बहुतेक घरटी पावसाळ्यातील पुरात बुडतातच, त्यामुळे उचललेल्या अंड्यांपैकी पुष्कळशी एरवीही वाया गेली असती. अमेरिकेतील लुइझियानात तर 1986 मध्ये अंडी गोळा करण्याची परवानगी देताना अट घातली गेली की, ठराविक हिस्सा, सुरुवातीला 17 टक्के, वाढवून पुन्हा दलदलीत सोडायचा. जंगलातील संख्या वाढत गेली तसा तो हिस्सा टप्प्याटप्प्याने 5 टक्क्यांवर आला. तिथली किनारी दलदल बहुतांशी खाजगी मालकीची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मालकाला ती भराव घालून विकावीशी न वाटण्याची किंमत कळते.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगायला हवे. कारागीर म्हणून बोलायचे तर बंदिस्त पैदाशीचे कातडे मला अधिक सोयीचे होते. रुंदी एकसारखी, खवल्यांची ओळ सरळ, पुरवठा वर्षभर. रँचिंगच्या कातड्यात एका वर्षीचा पूर पुढे दोन-तीन वर्षांनी जाणवतो आणि गिऱ्हाईक थांबवून ठेवावे लागते. बंदिस्त केंद्रे जनुकीय ठेव म्हणूनही अगदीच निरुपयोगी नाहीत. कंबोडियातील नॉम तामाओ येथील बचाव केंद्रात 2009 मध्ये 69 मगरींची डीएनए चाचणी झाली तेव्हा 35 शुद्ध सयामी निघाल्या, आणि पुनर्वसनाला एक आधार मिळाला. पण उरलेल्या जवळजवळ निम्म्या नदीत सोडण्यायोग्य नव्हत्या, हेही त्याच चाचणीने सांगितले, आणि मला पुन्हा तो अभिमानाने संकर सांगणारा व्यवस्थापक आठवला.

रँचिंगचा खरा कच्चा दुवा बाजारात आहे. कातड्याचा भाव पडला की अंड्याचा भाव पडतो आणि दलदलीच्या मालकाचा उत्साहही. मोठ्या फॅशन कंपन्यांची पसंती बदलली तर त्याचा फटका हजारो मैलांवरच्या खाडीला बसतो, आणि ही व्यवस्था मला पूर्णपणे निर्धोक वाटत नाही. शिवाय जिथे मुळात घरटीच थोडी उरली आहेत, तिथे अंडी उचलून विकण्याचा प्रश्नच येत नाही. घडियालासारख्या प्राण्याला या हिशेबात जागा नाही.

आणि तो तिसरा पर्याय. भारताने 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर मगरींचा व्यापार बंदच ठेवला, 1975 मध्ये मगर प्रकल्प सुरू केला, आणि एकही कातडे न विकता ओडिशातील भितरकनिकात खाऱ्या पाण्यातील मगरी शंभराच्या आतून सुमारे 1,800 पर्यंत नेल्या. व्यापाराशिवाय संवर्धन होतच नाही, असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण वळसा घालून जाऊ नये. अर्थात तिथे खाडीत आंघोळीला किंवा मासेमारीला उतरणाऱ्या गावकऱ्याला मगर म्हणजे फक्त भीती. तिच्या असण्यातून त्याच्या हाती काही पडत नाही. सरकार खंबीर असेल तर हा मार्ग अधिक निर्मळ, हे मी मान्य करतो; सरकार ढिले असेल तर त्या गावकऱ्याचा संयम किती दिवस पुरेल, याची मला शंका वाटते.

ज्याने घ्यायचेच ठरवले आहे, त्याच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. कातड्याच्या शेपटीकडच्या टोकाला एकदा अडकवला की कापल्याशिवाय न निघणारा प्लॅस्टिकचा टॅग असतो. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या नियमांनुसार त्यावर देशाची अक्षरे, अनुक्रमांक, प्रजातीची खूण आणि बहुधा वर्ष असते. नवखा माणूस तो पाहून समाधान पावतो, मीही पावलो होतो. परंतु प्राणी हौदातला की घरट्यातला, हे टॅग सांगत नाही. ते परवान्यावर असते. तिथे उगमाच्या रकान्यात ‘आर’ असेल तर रँचिंग, ‘सी’ किंवा ‘डी’ असेल तर बंदिस्त पैदास. परवान्याची प्रत मागावी, आणि ती देताना विक्रेता कुरकुर करत असेल तर दुसरा पाहावा. खोक्यावरची ती चिठ्ठी काही कातड्यापर्यंत पोचत नाही, पिल्ले हौदात मिसळतात तेव्हाच ती सुटते; ही उणीव मला अजून खटकते. तरी निदान कोणत्या प्रदेशातील अंडी, आणि जमीनमालकाला पैसे कसे मिळतात, हे रँचिंगवाल्याला सांगता येते.

म्हणून ज्याला एकसारखे कातडे, वेळेवर आणि बिनबोभाट हवे आहे, त्याने बंदिस्त पैदाशीचे घ्यावे आणि त्याला संवर्धन म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे. मी गेली काही वर्षे फक्त रँचिंगचे घेतो, वर्षाला थोडी कमी पाकिटे शिवतो. जुन्या केंद्राचा विक्रेता अजूनही दर हंगामात दरपत्रक पाठवतो, आणि मी दर वेळी उत्तरात नदीचे नाव विचारतो. त्याचे उत्तर नम्र असते, तत्पर असते, आणि त्यात रुंदी, प्रत आणि उपलब्ध नगांची संख्या असते.